पडाऊक

टेंपोतून उतरवताना हमाल म्हणाला, शिसव.
मी म्हणालो, असेल.
जेलरोडच्या धारणकर बाईंचं टेबल,
एक पाय लंगडा, वर तीन थर रंग:
हिरवा, तपकिरी, पुन्हा हिरवा.
"पांढरा सनमायका मारून द्या, खैरनार,
नातीच्या अभ्यासाला. आणि खण तेवढा बघा,
पावसाळ्यात उघडतच नाही मेला."

रंधा मारला आणि हात थबकला.
आमच्या पेठ-सुरगाण्याचा साग तेलकट हसतो पात्याखाली,
ऐन हुज्जत घालतो,
हळदू निमूट सोलून घेतो.
हे यातलं कुणीच नव्हतं.
ढलप्या बिटाच्या रंगाच्या,
वास ओळखीचा वाटेवाटेतो गेलेला.

भद्रकालीतून खलील उस्ताद आले.
चष्मा कपाळावर, ढलपी स्पिरिटच्या वाटीत.
वाटी लाल झाली.
"पडाऊक," म्हणाले, "अंदमानचा.
इकडं कुठला उगवायला."
आणि चहा न घेताच गेले, बसची वेळ झाली म्हणून.

बाईंना फोन लावला.
सासरे वनखात्यात होते पोर्ट ब्लेअरला,
बदलीच्या सामानातून आलं असेल.
"का हो, किडलंय का?"

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
निफाडकडचा गारठा खालून आत येत होता.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, डहाणूला,
तोही ओहोटीचा.
हे तर बेटावर उभं होतं
मुळांच्या भिंती घालून,
माणूस आडोशाला निजेल एवढ्या.
बी म्हणे पापडासारखी, कडेनं पंख.
उडून उडून जाणार कुठं?
चारी बाजूंनी पाणी.

मग खण हातात घेतला,
आणि उमगलं ते असं:
हवा ओली झाली की लाकूड श्वास घेतं,
खांदे रुंद करतं,
चार महिने पुन्हा झाडाएवढं व्हायला बघतं.
त्याला आपण म्हणतो, अडतो.

सनमायका मारला. पोटाचं काम आहे.
पाय बसवला, कडा घासल्या.
खणाच्या बाजूंना मात्र रंधा लावला नाही.
घरी हात धुतले तर मोरीत लालसर पाणी.
बायको म्हणाली, कुठं कापून घेतलंत?

खणाच्या तळाला, कुणी बघणार नाही अशा जागी,
पेन्सिलीनं नाव लिहिलंय.
श्रावणात पोरगी ओढेल,
ओढेल, चिडेल,
उघडलाच तर रिकामा करून उलटा धरेल कधीतरी.