नावाडी, भाग दोन

खोक्यावरचं नाव इंग्रजी, लांबलचक.
आम्ही त्याला 'नावाडी'च म्हणायचो, मी आणि लच्चू,
अशोक चौकात, मुनाफभाईच्या कॅफेत,
दहा रुपये तास, खुर्ची एक, ढुंगणं दोन.

भाग दोन यायला अकरा वर्षं लागली.
तेवढ्यात आमचे जुने माग भंगारात गेले,
लच्चू भिवंडीला गेला,
मुनाफभाईकडं आता झेरॉक्स मिळते.

विणकराचा पोर आहे.
माल हातात घेतल्याशिवाय भाव बोलत नाही.

कापड उत्तम.
जादूगारिणीचा शेला वाऱ्यानं उलटतो
तेव्हा मागच्या बाजूला तीच नक्षी, उलट्या रंगात,
आपल्या चादरीसारखी.
कुणी केलं असेल हे, रात्र रात्र बसून?
त्याला शेंगाचटणी पाठवायचीय, अर्धा किलो.

पाणी तर असं की
तलवार म्यान करून मी वीस मिनिटं
नदीकाठी नुसता उभा.
मागं आई ओरडत होती, नळ आलाय, पाचव्या दिवशी आलाय,
पिंप कोण भरणार, तुझा राक्षस?

पण वाट चुकत नाही.
डोक्यावर सोनेरी बाण, पायाखाली सोनेरी रेघ.
पहिल्यात आम्ही दलदलीत सहा रात्री काढल्या.
लच्चूनं गणिताच्या वहीमागं नकाशा काढला,
किल्ल्याला आपल्या भुईकोटाचे बुरूज दिले,
मधे सिद्धेश्वराचं तळं.
तो नकाशा साफ चूक होता.
त्याच्यावरूनच पोचलो.

आणि ती तेलवाली म्हातारी.
तेव्हा तिची कुपी चोरली
तर तीन दिवस गावात दिवे लागले नव्हते.
आता तिची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी,
पण चोरा, मारा, पाया पडा,
ती म्हणते, "प्रवाशा, रात्र मोठी आहे."
पुन्हा म्हणते, "प्रवाशा, रात्र मोठी आहे."

सोबती फार बोलतात. रुसत कुणीच नाही.
पहिल्यातला बुटका लोहार
ऐन राक्षसाच्या दारात मला सोडून गेला होता.
त्याला मी अजून शिव्या देतो.
म्हणजे तो अजून आहे.

खरं तर हे सगळं नंतरचं.
सुरुवातीलाच, हातात तलवार द्यायच्या आधी,
खेळानं तीन प्रश्न विचारले होते:
जुनं जग तुम्ही कसं सोडून आलात?
राजा कोण केलात? सांगितलं.
पूल जाळलात? जाळला.
नावाड्याला वाचवलंत की बुडू दिलंत?

वाचवला, म्हणणार होतो.
पण त्या रात्री की-बोर्ड लच्चूकडं होता,
मी टेबलावर डोकं टेकून झोपलेलो.
सकाळी तोच म्हणाला होता, वाचवला.

फोन केला. चार वर्षांनी.
(चादरींच्या पैशावरून बोलणं बंद होतं.
कुणाचं चुकलं, ते इथं नको.)
पलीकडं माग खटाखट.
"एमिरा," म्हणाला, कालच भेटल्यासारखा.
मी विचारलं.
मग बराच वेळ नुसता माग ऐकला.

"बुडवला," म्हणाला.
"त्याच्या गळ्यात चांदीची शिट्टी होती. मला पाहिजे होती.
तुला सांगितलं असतं
तर तू पहिल्यापासून खेळायला लावलं असतंस."

लावलं असतं.

तर भाग दोनमधे नावाडी नाही.
घाटावर रिकामी नाव हलते,
खांबाला दोर, त्याचा पीळ न् पीळ दिसतो.
असं काम मी मागावरही पाहिलं नाही.

मे महिना. कॉम्प्युटरचा तवा झालाय,
समोर टेबलफॅन लावलाय, तोही गरमच फेकतो.
लच्चूनं शेवटी विचारलं, केवढ्याला मिळतो?
मी आकडा सांगितला.
"मग गड्ड्याला येतो," म्हणाला, "तुझ्याकडंच खेळू."

गड्डा जानेवारीत.
बाण लुकलुकतोय, पूर्वेला चल म्हणतोय.
लुकलुकू दे.