उलटा माग

काचेवर तारे काळे असतात.
पुसलेल्या काचेवर मोहरी सांडावी तसे,
आणि मला त्यातला एकच दाणा हवा आहे
जो आपल्या जागी राहिला नाही.

ही प्लेट सिरानुशनं घेतली, अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात.
पाकिटावर तिचं अक्षर:
‘चाळीस मिनिटं. मग अरागात्सवरून ढग.’
कोपऱ्यात चहाच्या पेल्याचा गोल डाग.
तोही मी नोंदीत घेतला आहे.

एकसष्ट वर्षांत दाणा सरकला
केसाच्या अर्ध्या जाडीइतका.
एवढंच.
बाकीचे हजारो मुकाट जागच्या जागी.
पण त्या अर्ध्या केसामागे
सेकंदाला नव्वद किलोमीटर आहेत.
म्हणजे इथून ग्युम्री, सेकंदाच्या आत,
जिथे जायला आमची मार्शुत्का दोन तास घेते
आणि वाटेत ड्रायव्हर हमखास चीज घ्यायला उतरतो.

असं कुणी उगाच पळत नाही.
तारे जन्मतात घोळक्यानं, एकाच धुळीत,
आणि थंडीत मेंढ्या बसतात तसे
अंगाला अंग लावून बराच काळ बसून राहतात.
एखादा सुटतो तेव्हा दोनच शक्यता:
जोडीदार फुटला,
हातातला हात गेला, फिरण्याचा वेग तेवढा उरला;
किंवा चौघे फार जवळ आले,
दोघे बाहेर भिरकावले गेले
आणि उरलेले दोघे अधिकच घट्ट बिलगले.
ही दुसरी शक्यता मला आवडत नाही.
गणिताला आवडनिवड नसते.

म्हणून बाण उलटा फिरवायचा.
वेगापुढे उणे चिन्ह.
आकाशगंगेच्या ओढीनं वाट वाकते, तेही धरायचं.
हजार वेळा ताऱ्याला मागे सोडायचं,
दर खेपेला थोडी चूक मुद्दाम मिसळून,
आणि बघायचं गर्दी कुठे होते.
वीस लाख वर्षांमागे होते गर्दी,
तीन तारकागुच्छांवर.
एकावर नाही.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
ताऱ्याचं विचारायला मला पगार मिळतो,
दोन महिने उशिरा, पण मिळतो.

आजोबांना विचारलं तर ते म्हणत, ‘अनाथाश्रमातला.’
जसं ते एखादं गाव असावं.
नाव तिथल्या कारकुनानं दिलेलं, जन्मतारीखही;
रांगेतल्या दहा मुलांना मिळून एक तारीख.
येताना त्यांनी काय आणलं? एक शब्द.
जर्दाळूच्या बीतल्या गराला ते असं काही म्हणत
की शेजारणी तोंडाला पदर लावून हसत.
तो शब्द मी विद्यापीठातल्या वाराझदातना सांगितला.
त्यांनी डोळे मिटले, दोनदा स्वतःशी उच्चारला,
आणि नकाशावर बोट ठेवलं, सरहद्दीपलीकडे.
‘ही तीन गावं. यांतलं कुठलं, ते शब्द सांगत नाही.
आणि तिथे आता तो बोलणारं कुणी नाही.’

तीन.
मला हसू आलं. मग आलं नाही.

ताऱ्याला हे काहीच ठाऊक नाही.
त्याच्या पुढ्यात वायूची कमान साचली आहे,
बर्फ लोटणाऱ्या गाडीपुढे साचतो तशी,
आणि ती कमान तापून उजळते.
आजोबांनी ग्युम्रीत चाळीस वर्षं भट्ट्या बांधल्या, भाकरीच्या.
भूकंपानंतर त्यातल्या दोन शाबूत होत्या,
भोवती घर नसताना.

तक्त्यात एक रकाना आहे: ‘उगम’.
अर्पेनिक म्हणते, जिथे सर्वांत दाट गर्दी तोच लिहा, बाई.
एक्केचाळीस टक्के.
मी तिन्ही लिहिले.
रकाना अरुंद. तिसरं नाव समासात उतरलं.

काच पाकिटात सरकवली.
बाहेर कुलपात बर्फ धरला होता.
किल्लीवर फुंकर घालत उभी राहिले.
वर ढग, ढगांमागे तो,
माझ्या एका फुंकरीत
ग्युम्री ओलांडून कितीतरी पुढे गेलेला.