पाचर

दोंडाईच्याचं रेल्वे फाटक ओलांडलं की
हवेत आधी मिरचीचा ठसका,
मग भिजल्या मक्याचा आंबूस वास.
तिथून आमचा कारखाना सुरू.
मी रेहाना तडवी, यावलची, आयटीआय पास,
इन्स्ट्रुमेंट खातं, बहुतेक रात्रपाळी.

सहा इंची पाइपातून स्टार्चचं दूध जातं.
डोळ्याला दिसत नाही. हाताला नुसती थरथर.
किती जातंय हे त्याला विचारायचं
तर त्याची वाट थोडी अडवावी लागते.
सुपडू आप्पांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
अडथळ्याच्या आधीचा दाब, नंतरचा दाब,
मधे जे हरवलं त्याचं वर्गमूळ.
"धार शे म्हनीसन फरक शे," म्हणाले
आणि तंबाखू मळत बसले.

वर्गमूळ त्यांना काढता येत नव्हतं.
फरक चौपट तर धार दुप्पट,
हे ते बोटांवर दाखवायचे,
चार उघडायचे, दोन मिटायचे.

आणि शून्य म्हणजे चार.
पंप बंद असला तरी तारेतून चार मिलिअँपिअर येत राहतात,
गप्प आहे, पण आहे.
खरंच शून्य आलं तर समजायचं तार तुटली.
हे मला फार आवडलं होतं. का ते सांगता येत नाही.

जुनी चकती पाइपात एकवीस वर्षं उभी होती,
स्टीलची, मधे तळहाताएवढं भोक,
भोकाची कड एके काळी नख कापेल अशी.
दूध घासून घासून ती कड गोल झाली.
धार बोथट झालेली चकती कमी सांगते.
जायचं बहात्तर, दिसायचं सहासष्ट,
आणि महिनाअखेर हिशेबात
दुधापेक्षा स्टार्चच जास्त निघायचा.
तोटा असता तर चौकशी बसली असती.
जास्तीचं कोण विचारतं?
आप्पांना माहीत होतं. त्यांनी दोनदा लिहून दिलं होतं,
दोन्ही कागद स्टोअरच्या फायलीत
वाळवीची वाट बघत.

मग नवा मीटर आला.
ना चक्र, ना दाते, ना फिरणारं पातं.
पाइपाच्या आत वरून उतरलेली एक पाचर, वेल्ड केलेली,
अलीकडे-पलीकडे सायीसारखे दोन पातळ पडदे,
पडद्यांमागे तेल. स्टार्चला आत शिरायला जागाच नाही.
स्टोअरकीपर हसला: पाचर मारून काम होतं
हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय.

एकतीस मे, आप्पांचा शेवटचा दिवस,
सावलीत पंचेचाळीस.
हार-नारळ ऑफिसात ठेवून ते थेट लाइनवर आले.
हजार लिटरची टाकी, एक होज, मनगटावरचं घड्याळ.
व्हॉल्व्ह फिरवला. मीटरवर बहात्तर.
टाकी भरली पन्नास सेकंदांत.
मी मनात भागाकार करत होते,
त्यांनी तोवर होज गुंडाळलासुद्धा.
पाचरेला शाबासकी नाही, काही नाही.
भंगारात पडलेली चकती उचलली,
धोतराच्या सोग्यानं पुसली, कडेवरून अंगठा फिरवला.
"हाई खोटं बोलनी," म्हणाले, "पन रोज सारखंच बोलनी."
गेटपास मीच लिहिला: भंगार, नग एक.

पावसाळा संपल्यावर त्यांच्या गावी गेले.
ओसरीत तीन विटा, विटांवर ती चकती,
भोकात माठाचं बूड घट्ट बसलेलं.
शेवंताकाकूंनी दादरची भाकरी वाढली, शेवभाजी,
कारखान्याचं कोणी काही विचारलं नाही.
माठ पाझरत होता. गोल झालेल्या कडेवर थेंब जमायचा,
थांबायचा, खालच्या परातीत पडायचा.
मी सवयीनं घड्याळ लावलं.
मिनिटाला अकरा, मी म्हणाले.

आप्पा भिंतीकडे तोंड करून आडवे झालेले.
"बारा."