पायगुण

शर्वाणीचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून माऊस माझ्या हातात.
नाहीतर रंध्याखेरीज मी काय ढकललंय आयुष्यात?

"आजोबा, आज परीक्षक मी. सात घोडे.
चाल, वळण, उडी, तोल, दिसणं, प्रत्येकाला दहापैकी.
लाड नाही करायचे कुणाचे."
असं म्हणून दूध बाजूला सारते
आणि माझ्या बोटांवर पहारा ठेवते.

बाहेर डिचोलीचा बाजार मिटलेला,
नदीकडून ओला वारा,
खिडकीखाली कुणाची तरी स्कूटर सुरूच होत नाही.
आत हिरवंगार मैदान. माशी नाही, शेण नाही.
पहिला घोडा येतो.

चंदेरी. नाव मला वाचता येत नाही,
मालक कुठल्याशा बर्फाच्या गावचा.
मान अशी तासलेली की पटाशी लावायला जागा नाही.
दिसणं? नऊ.
एक कापला, डोळ्यांत कुणीच नव्हतं म्हणून.

दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा,
कारखान्यातून आलेल्या खुर्च्यांसारखे.
आठ, आठ, आठ.
शर्वाणी जांभई देते.

मला घोड्यांतलं काय कळतं?
खरा घोडा जवळून पाहिला दोनदाच,
एकदा म्हापशाला सर्कशीत, एकदा कुणाच्या वरातीत,
आणि दोन्ही वेळा तो दमलेला होता.
पण चाळीस वर्षं घोडेमोडणीचे घोडे केले,
पांगाऱ्याचे:
कान, नाकपुड्या, दात, लगाम अडकवायची खाच.
फार तर नाचणाऱ्याच्या कमरेपर्यंत.
पाय आम्ही कधी केलेच नाहीत.
पाय ज्याचे त्याने आणायचे.

म्हणून नजर खाली जाते. सवय.
शिगम्यात लोक वर माझं काम बघायचे,
मी ढोलाजवळ उभा राहून टाचा बघायचो.
पुंडलीक माजिक, उधारी बुडवणारा,
माझ्या एका घोड्याचा कान त्यानंच मोडला,
पण ताशा तुटायच्या जरासा आधी
त्याचा डावा पाय वर राहायचा,
खाली जमीन आहे ना, विचारल्यासारखा,
आणि घुंगरं गप्प.
तेवढ्यासाठी मी त्याची उधारी सोडली.
दोनदा सोडली. बायको अजून काढते.

सहावा तपकिरी.
आयाळ गुंतलेली, खोगीर फुकटातलं,
ह्याच्या मालकाकडे नाणी नसतात, शर्वाणी सांगते.
धावतो बरा. वळणावर कलतो.
तिसऱ्या अडथळ्यावर उडी घेतो
आणि तिथंच राहतो.
वर. चारी पाय मुडपून.
खाली सावली एकटी.

"नेट गेलं त्याचं. शून्य द्या, आजोबा. नियम आहे."

मी मोजतोय.
एक.
दोन. ताशेवाल्यानं काडी उचललेली.
तीन.
घोडा उतरतो, अलगद,
मध्ये काही घडलंच नाही असा.

"उडी?"
दहा.
"आजोबा!"
दहा, गो बाय. आणि मी दाबतो.

ती चिडते. नेट म्हणजे कौशल्य नव्हे, म्हणते,
आणि ते खरंच आहे.
पुंडलीकचंही कदाचित कौशल्य नसेल,
गुडघा आखडत असेल त्याचा.
आता कुणाला विचारू?
माणूस घरात आल्यावर पायगुण बघतात,
मी अजून न टेकलेल्या पायाला गुण दिले.

सातवा धावला, तो मी नीट पाहिलाच नाही.
त्याच्या मालकानं माफ करावं.

इतर दोघा परीक्षकांनी शून्य दिलं होतं,
तपकिरी शेवटून दुसरा आला.
थोड्या वेळानं त्याच्या मालकाची एकच ओळ आली:
दहा कुणी दिले?
शर्वाणीनं डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं,
आजोबांनी. ते सुतार आहेत.

मग सायीसकट दूध प्यायली आणि झोपायला गेली.
मी उठायला गेलो तेव्हा कळलं,
टेबलाखाली माझी डावी टाच
फरशीपासून वर होती.