अर्ध्या दाराखालून

सनराइज परमिट रूम उघडतो सकाळी अकराला.
नावातली ही गंमत
साखर पेठेत आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाहेर त्रेचाळीस अंश.
आत कूलरच्या वाळ्याचा वास,
आणि त्याच्याखाली, वाळ्याला न झाकता येणारा,
इतक्या वर्षांत या टेबलांवर
सांडलेल्या सगळ्याचा.

अडतीस वर्षांनी आले, असं म्हणवत नाही.
मी आलेच नव्हते कधी.
मी यायचे दारापर्यंत.

दार म्हणजे दोन हिरव्या फळ्या,
वर मोकळं, खाली मोकळं.
अम्मा म्हणायची, जा, उभी राहा.
आत जाऊ नको, हाक मारू नको,
नुसती उभी राहा.
नऊ वर्षांच्या उंचीला वरून काही दिसत नसे.
वाकलं की दिसत पाय.

हा बार मला पायांवरून पाठ आहे.
टायरच्या चपला. खाकी पायजमे.
घोट्याच्या केसांत अडकलेलं सूत.
एकदा एक पांढरा बूट, नवाकोरा,
कुणाचं तरी लग्न असावं.
आणि खिळ्यांच्या चपलांशेजारी
एकावर एक घासणारे दोन अनवाणी पाय,
डाव्या अंगठ्याचं नख काळं:
नायना.

"कोण पाहिजे?" मल्लेशम विचारतो.
बाई इथं येते ती कुणाला तरी न्यायला.
"कुणी नको. बसायचंय."
"फॅमिली रूम मागं हाय, पडद्याच्या."
"इथंच."
तो फडकं खांद्यावरून काढतो,
संगमरवर पुसतो, बिड्या विझवल्याचे डाग सोडून.
बीअर येते. तिच्याआधी, न मागता,
बशीत तेल सुटलेली शेंगाचटणी.

आरशावर कुठल्याशा व्हिस्कीचं नाव होतं,
आता एक हरीण उरलंय, शिंगं नसलेलं.
कोपऱ्यात दोन म्हातारे
तेलुगूत भांडणं काढतात, मराठीत मिटवतात,
शिव्या मात्र कानडी.

"घड्याळ पुढं आहे तुमचं."
"दहा मिंटं. जुन्या मालकानं लावल्यालं.
दुसऱ्या पाळीचं लोक भोंग्याला चुकू नयेत म्हणून."
"मिल तर गेली."
"गेली की. भोंगा बी गेला."
मग थोडं थांबून, बाटलीचं झाकण खिशात टाकत,
"मागं करायला स्टूल लागतंय."

मी नाव सांगितलं. गुंडेटी. लूमखात्यातले.
त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही.
खाली पाहिलं, माझ्या चपलांकडं.

"ह्याच टेबलाला. तुम्ही बसलाव तिथंच."

तेव्हा मी वळून दाराकडं पाहिलं.
फळ्यांच्या खाली उन्हाची पट्टी,
इतकी लख्ख, की तिच्यातून जाणारं
सायकलचं चाक आरी-आरीनं मोजता यावं.
एक पोरगं गेलं. त्याच्या बुटाची नाडी सुटलेली.
इथून सगळं दिसतं.
इथून सगळंच दिसत होतं.

"बघायचे," मल्लेशम म्हणाला.
"पायावरून ओळखायचे. म्हणायचे, आली."
"मग?"
"मग वर घड्याळ बघायचे."
तो चटणीची बशी उगाच जरा सरकवतो.
"म्हणायचे, अजून दहा मिंटं हायत."

तीन वाजताचा तो दगड आठवतो.
शहाबादी, उंबऱ्याबाहेरचा.
मी डावा पाय उजव्यावर ठेवायचे,
मग उजवा डाव्यावर,
मनात शंभरपर्यंत आकडे, कधी दोनदा.
वाटायचं, आत कुणाला कळत नाही.

बीअर कोमट होत चाललीय.
हरणाखाली म्हातारे पुन्हा सुरू झालेत.
मी टेबलाखाली चपला काढल्या
आणि पाय टेकवले.

फरशी गार होती.
किती गार.