दोन शिट्ट्यांचं अंतर

अबू शगाराला राहायचो तेव्हा
दुकान दोन शिट्ट्यांवर होतं.
म्हणजे पहिली झाली की चपला अडकवायच्या,
लिफ्ट आली तर लिफ्ट, नाही तर चार जिने,
खाली बीरानइक्कांच्या बकाल्यातून दही, हिरवी मिरची
आणि न मागता पिशवीत पडलेला कढीपत्ता घेऊन
दुसरीला घरात.
तिसरी एकदाच झाली.
त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल होता त्या दिवशी
आणि कासारगोडचा हलवा खाल्ल्याशिवाय सोडत नव्हते.

वहीत माझं नाव नव्हतं.
चारशे तीन: दूध, खुबूस, सुईदोरा.
चारशे तीन: बाकी सव्वासहा.

आता व्हिला आहे.
दारात बोगनवेल, मागे वाळू,
पुढेही वाळूच, वर गवत अंथरलेलं.
नकाशा म्हणतो दुकान दीड किलोमीटर.
निरंजन म्हणतो दीड म्हणजे काहीच नाही, गाडीने तीन मिनिटं.
गाडी तो नेतो.
मी चौथ्यांदा नापास झालेय, त्याच गोल चौकात.
अ‍ॅपवर सगळं मिळतं, पण तीस दिरहमच्या खाली येत नाहीत,
म्हणून एका जुडीसाठी नको ते चार जिन्नस मागवायचे
आणि हेल्मेटच्या आत चेहरा शिजलेला माणूस
पाणी विचारेपर्यंत फाटकाबाहेर.

मग ऑक्टोबरात, ऊन जरा नरमल्यावर,
कुकर लावला, काय भरवसा म्हणून गॅस बंद केला,
आणि निघाले.
फूटपाथ चांगला होता, लाल-करड्या विटांचा,
दर वीस पावलांवर दिवा.
शेवटच्या व्हिलाच्या भिंतीशी
कोणी हाक मारल्यावर वाक्य अर्धं सुटावं
तसा संपला.
पुढे सहा पदरी रस्ता. ओलांडायची खूण नाही.
गाड्या वेग कमी करून बघत होत्या, बाई हरवलीय की काय.
एकाने काच खाली करून विचारलंही, अरबीत, भलेपणानं.
मला काय झालंय हे
मला कुठल्याच भाषेत सांगता येईना.

तेवढ्यात वाळूत पायवाट दिसली.
आखलेली नव्हे, पडलेली:
माळ्यांची, रखवालदारांची, धुण्याभांड्याच्या बायकांची.
कुंपणाच्या तारेला वाकवून केलेलं भगदाड,
त्याच्या टोकांना फडकं गुंडाळलेलं,
पुढच्याचा कपडा फाटू नये म्हणून.
त्या फडक्याला धरून मी वाकले.
मग रस्त्याखालची मोरी,
पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली.
माणसंच वाहतात तिच्यातून.

पलीकडे पत्र्याची खोली. कांदे, साबण, फोनची कार्डं,
बिस्किटांच्या पुड्यांमागे रंगपूरचा एक पोरगा.
कोथिंबीर नव्हती. पुदिना होता, मान टाकलेला.
माझ्याकडे सुटे नव्हते, त्याच्याकडे कार्ड चालत नव्हतं.
"कल देना," म्हणाला. वही ओढली,
बंगालीत काहीतरी लिहिलं.
व्हिला नंबर नको का, मी विचारलं.
त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं:
पैदलवाली मॅडम. पुदिना. दो.

घरी येऊन चपलांतली वाळू झटकली,
गॅस पेटवला.
मोजायला शिट्ट्या नव्हत्याच, तरी हिशेब केला:
जाऊन येऊन अकरा-बारा तरी.
डाळीचं पार पीठ झालं असतं.
उद्या दोन दिरहम द्यायचेत.