दोन सूत

पावसात दाराला रंधा लावू नकोस, कस्तुरी.
कितीही अडलं, खांदा लावून ढकलायला लागलं,
शेजारची मल्लव्वा पदरात हसली, तरी.
श्रावणात सागही फुगतो,
आणि तुझं दार तर आंब्याचं.
कडेला मेणबत्ती घास नि थांब.
कार्तिक उलटला की ते आपसूक अंग आवरतं.

मी थांबले नव्हते.
नंदगडच्या घरात राहायला गेले त्या साली
मागून आणलेल्या रंध्यानं
एका दुपारी दोन सूत तासून टाकले.
दार कसं बोटानं फिरायला लागलं!
होळीला त्याच फटीतून
आधी ऊन आलं, मग धूळ,
मग एक इंगळी.

तेव्हा मोनप्पा बडिगेर आला.
फटीत नख घालून बघितलं, म्हणाला,
"अक्कोरे, तासलेलं परत चिकटत नाही बगा.
लाकूड कुठं पळून चाललंय? निधान."
निधान म्हणजे सावकाश, एवढं कन्नड मला येत होतं.
सावकाश म्हणजे केवढं,
ते त्याच्या हाताखाली कळलं.

मोजताना तो कन्नडात पुटपुटायचा,
मी टेपचं दुसरं टोक धरून मराठीत.
एकदा त्याचं इप्पत्तोंदु आलं,
माझं एकवीस नि दोन सूत.
वाद न घालता दोघं परत वाकलो.
टेपचं पत्र्याचं टोक ढिलं झालं होतं.
तेव्हापासून मी शून्य सोडते, एकापासून मोजते,
आणि शेवटी तो एक वजा करायला विसरते.
तू विसरू नकोस.

फटीला त्यानं फणसाची पट्टी चिकटवली.
अजून दिसते, पिवळी.
गावात कुणीतरी म्हणालं,
पोस्टातल्या बाईचं सुताराशी सूत जुळलंय.
जुळलं होतं. एक नव्हे, दोन,
फणसाचे.

स्क्रू आधी साबणाच्या वडीत फिरव, मग लाकडात.
पितळी असेल तर त्या भोकात लोखंडी घालून काढ,
पितळाची मान मऊ.
खिळ्याचं टोक हातोडीनं जरा मार.
टोकदार खिळा फळी चिरतो,
बोथट आपल्यापुरती जागा करून घेतो.
आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीत
प्लॅस्टिकची खुंटी धरत नाही,
ड्रिल लावलंस की नुसता लाल भुगा सांडत राहतो.
सागाची पाचर ठोक, तिच्यात स्क्रू घे.
माझी भांड्यांची मांडणी सोळा वर्षं तशीच उभी आहे.

रंध्याआधी फळीवरून तळवा फिरव.
जाताना गुळगुळीत लागेल, येताना कुसळं.
टोचतं त्या दिशेनं रंधा मारायचा नाही.
करवत दाबायची नाही,
तिच्या वजनानं तिला उतरू दे.
शिक्के मारून मारून माझं मनगट तयार आहे,
अशी माझी समजूत होती.
"मनगट टपालाला," मोनप्पा म्हणायचा.
"इथं खांदा. खांद्यामागं कंबर."

आणि धार.
बोथट पटाशी जोर मागते, आणि जोरच निसटतो.
माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.
दगडावर शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब.
मग पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकव.
घसरलं तर अजून घास.
रुतलं तर साकु.

मोनप्पाचा मुलगा हुबळीला पीव्हीसीची दारं बसवतो.
ती फुगत नाहीत, आकसत नाहीत,
काही विचारतही नाहीत.

मोनप्पानं दिलेली पटाशी माझ्याकडे आहे.
मूळची वीतभर.
घासून घासून चार बोटं उरलीय,
त्यातलं एक बोट माझं.
ती मागू नकोस.
बेळगावला गेलीस की खडेबाजारातून
तुझी तू आण, वीतभराची,
आणि घासायला लाग.